लघवीतून हवा जाते, हे सांगायचं कुणाला?

पत्र: माझे वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. कराडजवळच्या गावी आईबरोबर राहतात, मी पुण्यात. गेल्या आठ महिन्यांत त्यांना पाच वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं. दर वेळी जळजळ आणि थंडी वाजून ताप. गोळ्या घेतल्या की आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, म्हणून आधी शुगरवर खापर फुटलं. नंतर सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली दिसली, आता तिचं ऑपरेशन करू म्हणतात. पुढच्या आठवड्यात तारीख घ्यायची आहे. परवा आईनं फोनवर हळूच सांगितलं, की लघवीच्या शेवटी त्यांना हवा जाते, सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज येतो. ‘पोरीला सांगू नकोस’ असं त्यांनी तिला बजावलं होतं. डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला पोट दुखून ताप आला होता. नंतर झालेल्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलोसिस’ असं लिहिलं आहे. तेव्हापासून आईनं त्यांची खसखस, तीळ, पेरू बंद केलेत. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल का? ऑपरेशन करून टाकावं का? (एक मुलगी, पुणे)

ताई,

आईंनी फोनवर सांगितलेली ती एक गोष्ट तुमच्या हातातल्या सगळ्या रिपोर्टांहून महत्त्वाची आहे. ऑपरेशनची तारीख ठरायच्या आत, जमलं तर आजच, ती तुमच्या युरोलॉजिस्टच्या कानावर घाला. माझं बाकीचं उत्तर रात्री निवांत वाचलंत तरी चालेल.

लघवीच्या पिशवीत एरवी हवा नसते. ती दिसली तर कुठून तरी आलेली असते. नुकतीच कॅथेटरची नळी घातली असेल किंवा दुर्बिणीनं तपासणी झाली असेल, तर थोडी हवा आत राहते आणि लवकरच निघून जाते. मधुमेहात कधी कधी काही जंतू पिशवीतच, तिच्या भिंतीत वायू तयार करतात. बाबांना मधुमेह आहे, म्हणून ही शक्यता डॉक्टरांना तपासावी लागेलच. पण तो आजार बहुधा एकदम येतो, महिनोन् महिने दर लघवीला फुसफुसत राहत नाही. ही दोन्ही कारणं बाजूला पडली की उरतं तिसरं: आतडं आणि लघवीची पिशवी यांच्यात आडवाट पडली आहे. डॉक्टर तिला कोलोव्हेसायकल फिस्टुला म्हणतात. फिस्टुला म्हटलं की आपल्याकडे भगंदर आठवतं. हा तो नव्हे, याची जागाही वेगळी आणि कारणंही वेगळी.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते मी करतही नाही. पण संशय कुठे घ्यायचा हे पत्रावरूनही सांगता येतं, आणि इथे मी तो ठामपणे घेतो, कारण तीन वर्षांपूर्वीचा तो रिपोर्ट.

डायव्हर्टिक्युलोसिस म्हणजे काय, हे त्या वेळी तुम्हाला कुणी नीट सांगितलं असेल असं पत्रावरून वाटत नाही. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे स्नायूचा थर कच्चा असतो. वय वाढतं तसं आतल्या दाबानं त्या जागी आतलं अस्तर बाहेर येतं. सायकलचा जुना टायर चिरला की त्यातून ट्यूबचा फुगा डोकावतो ना, अगदी तसंच. असे वाटाण्याएवढे फुगे अनेकांच्या आतड्यात असतात, आणि बहुतेकांना जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा सुजला, त्याला बारीक भोक पडलं, की पोट दुखतं, ताप येतो. तीन वर्षांपूर्वी बाबांना झालं ते बहुधा हेच.

आता जागा बघा. सिग्मॉइड हा आतड्याचा डावीकडचा, खाली ओटीपोटात उतरणारा भाग. पुरुषांत तो थेट लघवीच्या पिशवीवर टेकलेला असतो. बायकांत मध्ये गर्भाशय असतं, म्हणून हा त्रास पुरुषांत जास्त दिसतो. सुजलेलं आतडं पिशवीला चिकटतं, मधल्या पुवाला जिकडे वाट मिळेल तिकडे तो जातो, आणि पू निघून गेला तरी वाट राहते. गंमत अशी, की वाट पडली की आतला कोंडलेला पू निघून जातो, म्हणून पोटाचं दुखणं कमी होतं. माणूस म्हणतो, पोट बरं झालं. त्यामुळेच पुढे लघवीचा त्रास सुरू झाला तर पोटाचा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही, ना रुग्णाच्या, ना डॉक्टरांच्या. आतड्यातला दाब पिशवीतल्या दाबाहून जास्त असतो, त्यामुळे हवा आणि मळाचे कण आतड्यातून लघवीत येतात. उलट, संडासवाटे लघवी जाणं क्वचितच दिसतं. डायव्हर्टिक्युलर आजारातून जेवढे फिस्टुला होतात त्यातले सुमारे दोन तृतीयांश असे पिशवीत उघडणारे असतात.

ही गोष्ट नवी नाही. लंडनचे सर्जन हॅरिसन क्रिप्स यांनी १८८८ साली मूत्रमार्गातून हवा आणि मळ जाण्याच्या याच तक्रारीवर सविस्तर लिहिलं होतं. तेव्हा सीटी नव्हता, एक्स-रेही नव्हता. रुग्णानं तोंड उघडून सांगितलं तेवढंच हातात होतं. आज इतकी यंत्रं आली, तरी या आजारात सुरुवात तिथूनच होते.

आता घरच्या घरी एक काम करा. पाचही वेळचे युरिन कल्चरचे रिपोर्ट काढा आणि तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडा. जंतूचं नाव दर वेळी तेच आहे का बघा. प्रोस्टेटमध्ये जुनं इन्फेक्शन दडून बसलेलं असेल तर बहुधा तोच तो जंतू परत परत सापडतो. वाट आतड्यातून असेल तर नावं बदलतात, किंवा एकाच नमुन्यात दोन-तीन जंतू सापडतात. अशा वेळी लॅब ‘मिक्स्ड ग्रोथ’ किंवा ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा’ असं लिहून मोकळी होते. एकदा असं झालं तर नमुना नीट धरला नसेल हे खरंच. पण स्वच्छ धरलेल्या नमुन्यात दोन-तीनदा तेच आलं, तर ते ‘दूषित’च निदान असू शकतं! मी तरुण असताना असे दोन रिपोर्ट कचऱ्यात टाकलेत. तिसरा हातात आला तेव्हा त्या गृहस्थांना विचारलं, आणि ते म्हणाले, ‘डॉक्टर, वर्षभर हवा जातेय, पण तुम्ही विचारलंच नाही.’ तेव्हापासून पन्नाशीच्या पुढच्या ज्या माणसाला वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागते, त्याला मी हा प्रश्न उघड विचारतो.

तपासण्यांचं सांगतो, कारण इथे क्रमाला फार महत्त्व आहे. पहिली तपासणी पोटाच्या आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनची. तो कॅथेटर घालायच्या आणि पिशवीत दुर्बीण टाकायच्या आधी व्हावा. एकदा बाहेरून नळी आत गेली की पिशवीत दिसलेली हवा कुठली, याला उत्तर राहत नाही, पुरावा पुसला जातो. काही कारणानं नळी आधीच घातली गेली असेल तर रेडिओलॉजिस्टना तसं स्पष्ट सांगा. स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसतं ‘वारंवार युरिन इन्फेक्शन’ असं लिहून चालणार नाही. ‘लघवीतून हवा, जुना डायव्हर्टिक्युलोसिस, फिस्टुलाची शंका’ एवढं लिहून घ्या. शंका माहीत असली की स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध (कॉन्ट्रास्ट) ते तोंडावाटे किंवा गुदद्वारातून आधी देतात आणि शिरेतलं नंतर. शिरेतलं औषध किडनीतून उतरून पिशवी भरते, मग आतड्यातून तिथे काही आलं की नाही हे ओळखता येत नाही. बघायचं असतं ते असं: पिशवीत हवा, पिशवीच्या भिंतीचा एक भाग जाड झालेला, आणि नेमका त्यालाच चिकटलेला जाड सिग्मॉइड. प्रत्यक्ष भोक पुष्कळदा दिसत नाही, त्यानं खट्टू होऊ नका. बाबांना मधुमेह आहे, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) करून घ्या, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर स्कॅनवाल्यांना सांगा.

दुर्बिणीनं पिशवी पाहिली तर बहुधा एखादा लाल, सुजलेला, बुडबुडे आल्यासारखा चट्टा दिसतो. कोलोनोस्कोपीत तर फिस्टुलाचं तोंड फार कमी वेळा सापडतं. मग ती परत का करायची? कॅन्सर नाही याची खात्री करायला. आतडं आणि पिशवी यांच्यात वाट पाडणाऱ्या कारणांत डायव्हर्टिक्युलर आजार पहिला आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुसरा. तीन वर्षांपूर्वीचा स्वच्छ रिपोर्ट आज पुरेसा धरू नका. क्रोन्स हा आतड्याला सूज आणणारा आजार, ओटीपोटाला पूर्वी दिलेलं रेडिएशन आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी, हेही डॉक्टर मनात ठेवतील. मात्र सध्या आतडं सुजलेलं असेल तर कोलोनोस्कोपी लगेच करत नाहीत, सूज ओसरायला सहाएक आठवडे देतात. सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर ते फुटायची भीती असते.

आणि आता खसखस. आईंनी बंद केलेली खसखसच या आजाराच्या निदानाला वापरतात, हे वाचून त्यांना नवल वाटेल. रुग्णाला साधारण ५० ग्रॅम खसखस दह्यात वगैरे कालवून खायला देतात आणि पुढचे ४८ तास लघवी बघतात. तो बारीक दाणा आतड्यात विरघळत नाही, वाट असेल तर लघवीत उतरतो आणि साध्या डोळ्यांना दिसतो. वाट आहे की नाही हे सांगण्यात ही तपासणी पुष्कळदा सीटीलाही मागे टाकते. पण वाट नेमकी कुठे आणि कशामुळे, हे ती सांगत नाही, म्हणून तिच्यामुळे स्कॅन टळत नाही. तुम्ही घरी आपल्या मनानं हा प्रयोग करू नका. ५० ग्रॅम खसखस म्हणजे दिवाळीच्या अनारशांच्या एका घाण्याला लागते त्याहूनही जास्त. आतडं कुठे आवळलेलं असेल तर ती तिथे तुंबू शकते. डॉक्टरांनी सांगितलं तर अवश्य करा.

पथ्याचं म्हणाल, तर दाणे, बिया फुग्यात अडकतात म्हणून वर्ज्य, असं पूर्वी सर्रास सांगत, मीही सांगत असे. २००८ साली अमेरिकेत ४७,००० पुरुषांवरचा अठरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेंगदाण्यासारखे कठीण दाणे, मका आणि मक्याच्या लाह्या (पॉपकॉर्न) यांनी हा त्रास वाढत नाही असं दिसलं. उलट दाणे आणि लाह्या खाणाऱ्यांत तो थोडा कमीच होता. तेव्हा निदान पक्कं झालं, आतड्यात अडथळा नाही हे कळलं, की बाबांना पेरू द्या, तिळाची चटणी द्या. तीन वर्षं बिचाऱ्यांनी उगाच सोसलं. आईंना मात्र बोल लावू नका, त्यांनी ऐकलं तेच पाळलं.

तुमच्या प्रश्नापलीकडचं थोडं लिहितो, कारण हा आजार दुसऱ्याच्या घराचा पत्ता देतो, आणि हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी तो वेगळ्या दारानं आला असेल. गर्भपिशवी काढलेल्या बायकांना हीच वाट योनिमार्गात पडू शकते. मधली भिंत म्हणजे गर्भाशय, तेच राहिलेलं नसतं. आपल्याकडे कमी वयात गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण किती आहे, हे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्तानं सगळ्यांनी वाचलं. या बायका पुढे साठी-सत्तरीला येतील, तेव्हा अंगावरून हवा किंवा घाण जाते हे त्या कुणाला सांगणार? तुमच्या बाबांनी निदान आईला तरी सांगितलं. त्यांना तेवढंही अवघड जातं. घरातल्या लेकी-सुनांनीच हलक्या हातानं विचारावं, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मांडीचं एक सांगतो. आतड्याचा फुगा पाठीमागच्या बाजूला फुटला तर पू पोटात न पसरता कमरेच्या स्नायूत उतरतो. पोट मऊ, दुखत नाही. दुखतो जांघेपासून मांडीपर्यंतचा भाग, माणूस लंगडतो, पाय मागे सरळ करवत नाही, आणि ताप असतो. आपल्याकडे कमरेच्या स्नायूत पू म्हटलं की पहिलं नाव मणक्याच्या टीबीचं येतं, आणि ते बरोबरच आहे. पण मणका स्वच्छ असेल आणि पू डावीकडे असेल तर आतड्याकडे नजर जायला हवी. माझ्याकडे एक शेतकरी बाई अशाच आल्या होत्या. मी त्यांचा खुबा आणि कंबर तपासत तीन दिवस घालवले. त्या वाचल्या, पण ते तीन दिवस मला अजून टोचतात.

यकृतातल्या गळवाचंही तसंच. आपल्या भागात यकृतात पू म्हणजे अमीबा, हा विचार शंभर वेळा बरोबर निघतो. पण अमीबाची तपासणी नकारार्थी आली, पुवात किंवा रक्तात आतड्यातले जंतू वाढले, तर गळवाचा उगम शोधायलाच हवा. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं. डायव्हर्टिक्युलायटिसच्या, म्हणजे हे फुगे सुजलेल्या रुग्णाच्या या शिरेत क्वचित संसर्ग होऊन गुठळी होते आणि हुडहुडी भरून ताप येत राहतो, कधी कावीळही दिसते. पोट फारसं दुखत नसल्यानं मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्यांत दिवस जातात. स्टेरॉइड घेणाऱ्यांत, केमोथेरपी चालू असलेल्यांत तर आतडं फुटलं तरी पोट कडक होईलच असं नाही. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हातापेक्षा स्कॅनवर विश्वास ठेवावा, हे बरं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रोस्टेटचं ऑपरेशन आत्ता करू नका. सत्तरीत प्रोस्टेट थोडी वाढलेली दिसणं अगदी नेहमीचं आहे. ती दिसली म्हणजे इन्फेक्शनचं कारण तीच, असं होत नाही. आतड्यातून घाण येतच राहिली तर प्रोस्टेट काढूनही इन्फेक्शन थांबणार नाही, आणि मध्येच केलेलं ऑपरेशन जंतूंनी भरलेल्या लघवीत केलेलं असेल. तुमच्या युरोलॉजिस्टचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना सांगितलं तेवढ्यावर त्यांचा विचार सरळ होता. हवेचं कळलं की ते स्वतःच क्रम बदलतील, आणि एखाद्या पोटाच्या सर्जनला बरोबर घेतील. फिस्टुला निघाला तरी घाबरून जाऊ नका, ही बहुधा रातोरात करायची गोष्ट नसते. आतड्याचा तो खराब भाग काढून टोकं जोडतात, पिशवीतलं भोक शिवतात किंवा काही दिवस नळी ठेवून भरू देतात. पुष्कळांचं हे एकाच ऑपरेशनमध्ये होतं. काहींना थोडे महिने पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागते. त्याआधी शुगर ताब्यात आणणं हे तुमचं काम.

राहिला बाबांचा संकोच. तुम्ही समोर बसून विषय काढू नका, जावयांना तर बोलवूच नका. आयुष्यभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला लेकीसमोर हे बोलणं फार जड जातं. आईंच्या हातून एक कागद द्या, वर त्यांनाच त्यांच्या अक्षरात उत्तरं लिहू द्या: हवा कधीपासून जाते, लघवीच्या शेवटी जाते की सुरुवातीला, रोज जाते की कधी कधी, लघवीत कोंड्यासारखे, पालापाचोळ्यासारखे कण दिसतात का, संडाससारखा वास येतो का, संडासची सवय बदलली का, रक्त पडतं का, वजन उतरलं का. शिक्षक आहेत, लिहितील नीट. तो कागद, तीन वर्षांपूर्वीचा कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आणि पाच कल्चर, एवढंच फाइलच्या वर ठेवा. डॉक्टरांकडे गेलात की पाच मिनिटं तुम्ही आणि आई बाहेर थांबा.

दरम्यान धने-जिऱ्याचं पाणी चालू असेल तर असू द्या, त्यानं अपाय नाही. पण घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, पुढचं कल्चर बिघडेल. आणि एवढं आईंना फोनवर आजच सांगून ठेवा: हुडहुडी भरून ताप आला, बाबा गुंगीत असल्यासारखे बोलू लागले, लघवी कमी झाली, पोट फुगून उलट्या लागल्या, किंवा पोट एकदम कडक होऊन दुखू लागलं, तर पुण्याची वाट बघायची नाही. रात्र असली तरी कराडलाच मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, आणि दारातच सांगायचं की यांना लघवीतून हवा जाते.